वाईत गाडी की वाईट गाडी? विक्रीची ऑनलाइन जाहिरात मराठीत नीट कशी लिहावी

'स्कूटर वाईट आहे, येऊन पाहून जा.' विकणाऱ्याला सांगायचं असतं की स्कूटर वाईत आहे. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करताना मोबाइल 'त'चा 'ट' करतो आणि चांगल्या गाडीची बदनामी होते. अशा ओळीचा स्क्रीनशॉट साताऱ्याहून सांगलीपर्यंत फिरतो, पण गिऱ्हाइकाचा फोन काही येत नाही. हसू येणं साहजिक आहे. मात्र त्यात विकणाऱ्याचं खरं नुकसान होतं. वस्तू शोधात सापडत नाही, किमतीबद्दल गैरसमज होतो, नाहीतर दिवसभर नुसत्या चौकशीचे फोन येत राहतात.

पहिल्यांदाच जाहिरात टाकणाऱ्यासाठी हा लेख आहे. व्याकरणाचं पुस्तक पाठ करायची गरज नाही. चूक कुठून शिरते एवढं कळलं की ती पकडता येते.

पायरी १ : आधी माहिती, मग शब्द

मोबाइल हातात घेण्याआधी कागदावर सहा गोष्टी लिहा : वस्तू काय, कोणत्या जातीची किंवा मॉडेलची, किती जुनी, स्थिती कशी, ठिकाण कुठलं, किंमत किती. निम्म्या हास्यास्पद जाहिराती लिहिता लिहिता आठवल्यामुळे घडतात. माणूस म्हशीबद्दल सुरू करतो, मध्येच कडब्याची गंज आठवते, शेवटी म्हशीची किंमत येते, आणि वाचणाऱ्याला वाटतं गंजच लाखाची.

शीर्षकात वस्तू, प्रकार आणि ठिकाण एवढंच घ्या. यादीत बघताना शीर्षकाचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात. 'अर्जंट अर्जंट अर्जंट एकदम कमी किमतीत' यातच जागा संपली, तर काय विकताय ते दिसतच नाही.

जनावर विकायचं असेल तर एक ध्यानात ठेवा : फेसबुक मार्केटप्लेसवर जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. तिथे टाकलेली म्हैस काढून टाकली जाते. म्हणून दुभत्या जनावरांच्या, शेळ्यांच्या जाहिराती मुख्यतः व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतात, आणि तिथे चूक सुधारायला वेळ फार थोडा मिळतो. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

पायरी २ : कीबोर्ड काय करतो ते ओळखा

सर्वांत जास्त गमती इथेच होतात. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ यांना एकच अक्षर उरतं. 'अ' आणि 'आ' यांचंही तसंच. मग कीबोर्ड अंदाज करतो. 'गाडी' लिहायला गेलात तर गाडी, गादी आणि गडी असे तिन्ही शब्द सुचवले जातात. घाईत चुकीच्यावर बोट पडलं की जाहिरात होते : 'गडी विकणे आहे, २०१८ मॉडेल, अ‍ॅव्हरेज चांगले.' गादीवर बोट पडलं तर 'गादी विकणे आहे, इंजिनचे काम नुकतेच केले आहे.'

याच वाटेने येणारे नेहमीचे शब्द असे. 'लोखंडी कपाट'चं 'लोखंडी कपात' होतं. 'शेणखत'चं 'शेणखाट' होतं, आणि 'गांडूळ खाट' वाचून कुणी झोपायचा विचार करणार नाही. 'माल उत्तम प्रतीचा'चं 'मळ उत्तम प्रतीचा' होतं. 'दुसऱ्या वेताची म्हैस' (दुसऱ्यांदा व्यालेली) ही 'दुसऱ्या वेटची म्हैस' बनते. 'हळद'ची 'हलद' किंवा 'हळड' होते, 'बेदाणा'चा 'बेडाना' होतो. सांगली-तासगावच्या व्यापाऱ्याला याचं जास्त भान हवं, कारण सांगलीची हळद आणि सांगलीचा बेदाणा या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. नावाला किंमत आहे आणि जाहिरातीत नावच चुकलेलं, असं व्हायला नको.

उपाय दोन. पहिला, 'आ'साठी इंग्रजी अक्षर दोनदा दाबा आणि वरच्या पट्टीतला शब्द वाचूनच निवडा. स्पेस दाबली की पहिला शब्द आपोआप बसतो, तिथेच घात होतो. दुसरा आणि जास्त पक्का उपाय म्हणजे थेट देवनागरी कीबोर्ड. त्यात त, ट, द, ड, न, ण यांची बटणं वेगवेगळी असतात. सुरुवातीला वेग कमी पडतो, पण अंदाजाचा प्रश्नच मिटतो. गावाचं नाव, वाणाचं नाव, स्वतःचं आडनाव हे शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात एकदा भरून ठेवा, म्हणजे दरवेळी झगडावं लागत नाही.

'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांच्यापाशी बरेच जण अडतात. 'शेतकर्यांकडून', 'मुर्हा' असं लिहिलेलं दिसतं. बहुतेक कीबोर्डवर 'र' दाबून धरला की खाली टिंब असलेला 'ऱ' मिळतो. तो घ्या, मग हलन्ताचं चिन्ह, मग 'य' किंवा 'ह' : शेतकऱ्यांकडून, मुऱ्हा, दुसऱ्या, विहिरीच्या पायऱ्या.

बोलून टाइप करायचं असेल तर गोठ्यात किंवा बाजारात करू नका. आवाज स्वच्छ गेला तरी विरामचिन्हं बहुधा येत नाहीत. ती नंतर हाताने घालावीच लागतात, आणि ती का घालावी लागतात ते पाचव्या पायरीत दिसेल.

फ्लेक्सवाल्याकडून किंवा छापखान्यातून आलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवू नका. जुन्या फॉन्टमधून रूपांतर होताना रफार आणि जोडाक्षरं उड्या मारतात, 'सर्व्हिस'चं 'सव्र्हिस' होतं. असा मजकूर हाताने परत टाइप केलेला बरा.

पायरी ३ : टिंब आणि चंद्र

अनुस्वाराचं एक टिंब राहिलं की 'तीन बेडरूमचा बगला भाड्याने देणे आहे' अशी ओळ तयार होते. 'खिलार खोंड'चं 'खिलार खोड' झालं तर आटपाडी-खरसुंडीकडचा जाणकार हसून पुढे जातो. खोंड म्हणजे उमदा तरुण बैल, खोड म्हणजे झाडाचा बुंधा नाहीतर जनावराची वाईट सवय. 'खोड विकणे आहे' वाचून मारका बैल डोळ्यासमोर येतो. टिंब चुकीच्या अक्षरावरही जातं : 'किमंत' हे रूप इतकं फिरलं आहे की ते बरोबर वाटू लागलं आहे. बरोबर शब्द 'किंमत', आणि प्रत्यय लागल्यावर 'किमतीत', 'किमतीला'. तसाच 'संपर्क'चा 'संर्पक' करू नका, रफार 'क'वर येतो.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांना चंद्र हवा. 'फ्लॅट : एक बेडरूम, किचन आणि मोठे हाल' यातलं 'हॉल'वरचं चिन्ह गेलं आणि भाडेकरूच्या नशिबी हाल आले. बॅटरी, ट्रॅक्टर, ट्रॉली, प्लॉट, बॉक्स हे शब्द जसे ऐकू येतात तसेच लिहा. बेटरी, ट्रेक्टर, ट्राली अशी रूपं शोधणाऱ्याला सापडत नाहीत.

पायरी ४ : ऱ्हस्व-दीर्घाचे तीन नियम

मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२ साली भर पडलेले ४ असे १८ लेखननियम शासनमान्य आहेत. जाहिरातीपुरते तीन पुरतात.

शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ : गाडी, वस्तू, चालू, दुभती. 'आणि' हा अपवाद आहे, त्याची वेलांटी ऱ्हस्व.

शेवटचं अक्षर साधं अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ : दूध, जमीन, विहीर, पीक, ऊस, दीड. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष असे शब्द याला अपवाद.

त्याच शब्दाला प्रत्यय लागला की ते दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं : दुधाचे, जमिनीचा, विहिरीला, पिकाखालील, उसाचे बेणे. म्हणून 'दूध १० लिटर' आणि 'दुधाची म्हैस' ही दोन्ही रूपं बरोबरच आहेत.

'उत्कृष्ट'मध्ये ट आहे, ठ नाही. 'तत्काळ'च्या पहिल्या 'त'ला काना नाही. 'लगेच' लिहिलं तर प्रश्नच येत नाही. शंका आली तर शब्द ऑनलाइन शोधून पाहा. वाईत ज्याचं कार्यालय आहे तो मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि शेती, पिकं, अवजारं यांची शब्दरूपं तपासायला तो उपयोगी पडतो.

काही शब्द लोक दोन तऱ्हांनी लिहितात, जसं खिलार आणि खिल्लार, कराड आणि कऱ्हाड. शीर्षकात एक रूप घ्या, खाली मजकुरात दुसरंही एकदा येऊ द्या, म्हणजे कोणत्याही रूपाने शोधणारा तुमच्यापर्यंत पोचतो.

पायरी ५ : कोण काय करतो, ते वाक्यात दिसू द्या

शुद्धलेखनाच्या चुकीवर माणूस हसतो आणि अर्थ बहुधा लावून घेतो. वाक्यरचनेची चूक मात्र अर्थच फिरवते, म्हणून इथे जास्त वेळ द्या. व्हॉट्सॲपवर फिरते तशी एक जाहिरात नमुन्यादाखल बघा :

'अर्जंट विकने आहे दुसऱ्या वेटची म्हैस घर ची गाभन नाही दिवसाला १० लिटर दुध देतो मालक शांत खाली रेडी किमंत १ लाख १० फिक्स नाही बोलून घ्या'

'दूध देतो मालक' असं सरळ वाचलं जातं. म्हैस स्त्रीलिंगी, म्हणून 'देते' हवं. एका कान्याने दूध देण्याचं काम मालकाकडे गेलं. 'शांत' कोण, म्हैस की मालक? 'घर ची' तोडून लिहिलं आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतं : घरची, गाडीसाठी, ट्रॉलीसह. 'फिक्स नाही बोलून घ्या' यात पूर्णविराम कुठे द्यायचा तेच कळत नाही. किंमत पक्की आहे की बोलून कमी होणार? आणि '१ लाख १०' म्हणजे एक लाख दहा हजार हे गिऱ्हाइकाने ओळखायचं.

हीच म्हैस अशी विकावी :

'मुऱ्हा म्हैस विकणे आहे – कोरेगाव, जि. सातारा
दुसरे वेत. व्यायला एक महिना झाला. खाली रेडी (मादी पारडू) आहे.
दोन्ही वेळचे मिळून रोज १० लिटर दूध देते. चारही सड चालू. म्हैस शांत आहे, कोणीही धार काढू शकते.
धार समोर काढून दाखवू. वेळ : सकाळी ६ किंवा संध्याकाळी ६.
किंमत १,१०,००० रुपये (एक लाख दहा हजार). बोलून कमी-जास्त होईल.'

शब्द थोडे वाढले, पण एकही वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येत नाही. 'म्हैस शांत आहे' असं कर्त्यासकट लिहिलं आहे, हीच युक्ती सगळीकडे चालते. प्रत्येक क्रियापदाला विचारा : हे कोण करतंय?

'सह' आणि 'सहित' वापरताना विशेष जपा. 'मुलगा मोठा झाल्याने पाळण्यासह विकणे आहे' या वाक्यात मुलगाही विक्रीला निघतो. 'मुलगा मोठा झाला, म्हणून लाकडी पाळणा विकणे आहे. सोबत गादी व मच्छरदाणी' असं लिहा. 'एका हाताने वापरलेली गाडी' हेही असंच. म्हणायचं असतं एकाच मालकाची. 'पहिला मालक' किंवा 'एकाच मालकाची गाडी' एवढं पुरे.

स्वल्पविरामाने व्यवहार फिरतो. 'कर्ज नाही, कागदपत्रे पूर्ण' आणि 'कर्ज, नाही कागदपत्रे पूर्ण' यांत अक्षर न् अक्षर तेच आहे. 'ट्रॅक्टर पलटी नांगरासह' हे दोन ओळींत मोडलं आणि पहिली ओळ 'ट्रॅक्टर पलटी'वर संपली, की वाचणारा अपघाताची गाडी समजून पुढे सरकतो. 'पलटी नांगर आणि ट्रॅक्टर, दोन्ही विकणे आहे' असा क्रम बदलला की धोका जातो. नकार नेहमी पूर्ण वाक्यात द्या : 'अपघात झालेला नाही. कर्ज बाकी नाही.'

भाषांतराच्या ॲपमधून इंग्रजी जाहिरात मराठीत आणू नका. 'फ्रिज चांगला धावत आहे' आणि 'किंमत वाटाघाटी करण्यायोग्य' ही त्याचीच फळं. फ्रिज 'चालू' असतो आणि किंमत 'बोलून ठरते'.

पायरी ६ : आकडे आणि मापं

किंमत अंकांत आणि अक्षरांत, दोन्हीकडे लिहा. सव्वा लाख म्हणजे १,२५,०००, पावणेदोन लाख म्हणजे १,७५,०००, अडीच लाख म्हणजे २,५०,०००. 'पावणे' ऐकून गोंधळणारी तरुण गिऱ्हाइकं बरीच आहेत, त्यांच्यासाठी अंक. शून्य जास्त-कमी झालं तर पकडायला अक्षरं.

दर कशाचा ते लिहिल्याशिवाय दर लिहू नका. द्राक्षाचा भाव पेटीवर बोलतात, तेव्हा पेटी किती किलोची ते लिहा. ४ किलोची पेटी नेहमीची आहे. बेदाणा किलोवर, हळद क्विंटलवर, विटा हजारावर. 'दर ९०००' एवढंच लिहिलं तर हजार विटांचा की एका खेपेचा, हे विचारायलाच वीस फोन येतील.

जमिनीत जास्त जपा. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एक एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये असतं, आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. सातबाऱ्यावरचे १० आर जाहिरातीत '१० गुंठे' लिहिले तर सुमारे १२६ चौरस फूट हवेतून आले. वाद तिथूनच सुरू होतो. सातबाऱ्यावर जे आहे तेच लिहा, आणि गुंठ्यांत सांगायचं तर हिशेब करून सांगा.

मोबाइल नंबर इंग्रजी अंकांत द्या. देवनागरी अंकांतला नंबर बऱ्याच फोनवर बोट लावून लागत नाही.

पायरी ७ : ठिकाण

'कोरेगाव' म्हटलं की साताऱ्याचं की पुण्याकडचं? 'औंध' खटाव तालुक्यातलं की पुण्यातलं? गावापुढे तालुका आणि जिल्हा लिहिलाच पाहिजे. विट्याच्या वीटभट्टीवाल्यांना तर जास्तच काळजी घ्यावी लागते. 'विटा विटा येथे मिळतील' वाचून माणूस एक शब्द चुकून दोनदा पडला असं समजतो. 'पक्क्या भाजलेल्या विटा – विटा, ता. खानापूर, जि. सांगली' असं लिहिलं की शंका उरत नाही. आणि वाईकरांनी 'वाईत'च्या जागी 'वाई येथे' लिहावं, म्हणजे कीबोर्डला 'वाईट' करायची संधीच मिळत नाही.

पायरी ८ : टाकण्याआधी आणि टाकल्यावर

जाहिरात आधी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. लिहिताना दिसत नाही ते पाठवलेल्या मेसेजमध्ये दिसतं. मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे पूर्णविराम हवा आहे. त्यानंतर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा : काय विकतोय, कितीला, कुठे? तिन्ही उत्तरं अडखळल्याशिवाय आली तर टाका. फोटोवर अक्षरं छापून टाकणार असाल तर तोच मजकूर खाली टाइपही करा, कारण फोटोतली चूक सुधारता येत नाही आणि ती अक्षरं शोधात येतीलच असं नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांतच दुरुस्त करता येतो. सगळ्यांकडून पुसून टाकायला दोन दिवसांच्या आसपास मुदत मिळते. पण कुणी तो पुढे पाठवला असेल तर त्या प्रतीवर तुमचा ताबा राहत नाही. म्हणून मोठ्या ग्रुपवर टाकून झाल्यावर पहिली पाच मिनिटं मोबाइल बाजूला ठेवू नका. एखादा चूक दाखवेल. त्याच्यावर चिडू नका, लगेच दुरुस्त करा.

दुसऱ्याची चूक दिसली तर ग्रुपवर हसण्याच्या खुणा टाकण्यापेक्षा त्याला खासगीत कळवा : 'दादा, शीर्षकात वाईट झालंय, वाईत करून घ्या, अजून वेळ आहे.' वस्तूच्या दर्जाचा अंदाज तिच्या जाहिरातीच्या शुद्धलेखनावरून बांधू नका. 'दुध' लिहिणाऱ्याची म्हैस उत्तम असू शकते. शंका असेल ते फोनवर विचारा आणि प्रत्यक्ष पाहून व्यवहार करा.

जाहिरातीच्या शेवटी तारीख लिहा, आणि वस्तू गेली की शीर्षकात पहिला शब्द 'विकली' असा टाका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतीत तो बदल होणार नाही, पण तारीख मात्र राहते. तीन महिन्यांनी फोन आलाच तर समोरचा आधी 'ती जुनी जाहिरात आहे का हो?' असं विचारतो.